चार व्हॉल्व्ह आणि सखूचं नाक

सखूच्या नाकाबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे सगळा दोष माझ्याच माथी यायला नको. सखू माझी बायको. शेजारच्या आळीत दूध नासलं की हिला आमच्या ओटीवर कळतं. पावसाळ्यात सुकी मासळी ओलावली आहे हे डबा न उघडता सांगते. मी बाहेर काय खाऊन आलो हे तर दारातच सांगते, आणि गेली चाळीस वर्षं एकदाही चुकलेली नाही.

या नाकाचं एकच दुखणं. पेट्रोल-डिझेलचा वास आला की पोटातलं सगळं बाहेर. रिक्षात पदर नाकाला, एसटीत तर पहिल्या वळणालाच पिशवी. रेल्वे चालते तिला. पण तिची धाकटी बहीण वेणूबाई राहते मुरूडला, आणि मुरूडला रेल्वे जात नाही, यात माझा काय गुन्हा?

अकरा वर्षांपूर्वी माझी सासू मुरूडला वेणूकडे शेवटचं अंथरूण धरून होती. आम्ही एसटीने निघालो. पनवेलच्या स्टँडवर सखू उतरून जी बसली ती उठेचना. डोळे पांढरे, हातपाय गार. मी घाबरून तिला रेल्वेने परत घरी, जांभूळला आणलं. तिसऱ्या दिवशी सासू गेली. फोनवर वेणू एवढंच म्हणाली, "बाय, आई मोठी का वास मोठा?" दहाव्याला मी एकटा जाऊन आलो. तेव्हापासून दोघी बहिणी दिवाळीला फोनवर बोलतात. "बरी हायस?" "बरी." संपलं. वेणूही इकडे येत नाही, म्हणते गुडघे धरलेत.

मी जांभूळच्या पाण्याच्या प्लांटवर चौतीस वर्षं फिटर होतो. सणवार म्हणजे मला ड्युटी. रिटायर झालो त्या दिवशी मी सखूला म्हटलं, तुला मुरूडला मीच घेऊन जाणार. झोपून जाशील अशी गाडी करतो, पंखा, खिडक्या, गादी, सगळं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "करा. पन पेट्रोलचा जरासुद्धा वास आला तर मी चढायची नाय. आनि मग ती गाडी दारात ठेवायची नाय."

अंबरनाथला लग्नाहळदीत वाजवणाऱ्या एका बेंजो पार्टीची जुनी व्हॅन विकायला होती. पार्टीवाला डीजेच्या धंद्यात गेला होता. गाडी वीस-बावीस वर्षांची, पेट्रोलची, पण पासिंग नव्याने झालेलं. मागच्या दारावर मोठ्या अक्षरांत 'गावदेवी बेंजो पार्टी, हळदी स्पेशल'. मी ती घेतली. आतल्या बाजूला पलंग केला, ओटा केला, गॅसची शेगडी बसवली, पाण्याची टाकी आणि बेसिन. पाण्याचं काम असं झालं की शेजारीपाजारी येऊन नळ सोडून बघायचे.

राहिली पेट्रोलची नळी. जुनी रबराची नळी जागोजागी चिरलेली होती. पार्टीवाला म्हणाला होता, मेकॅनिककडून तेवढी बदलून घ्या. मेकॅनिककडून! अहो, मी आख्ख्या कारखान्यांच्या वसाहतीला पाणी पाजलं, आणि दहा फुटांवरून पेट्रोल आणायला मला दुसऱ्याचे पाय धरायचे? मी हे काम स्वतः केलं, आणि जसं करायला हवं तसं केलं.

माझं तत्त्व साधं आहे. जमिनीखालच्या लाइनीने मला आयुष्यभर छळलं. कुठे गळते ते कळत नाही, मग खणा रस्ता, खा शिव्या. डोळ्यांसमोरचा पाइप कधी फसवत नाही. म्हणून मी पाइप गाडीच्या खालून नेलाच नाही. मागच्या टाकीतून तो वर काढला, गाडीच्या आत घेतला, पलंगाखालून ओट्याखाली, ओट्याखालून शेगडीच्या मागून, बॅटरीच्या शेजारून पुढच्या सीटखाली इंजिनापर्यंत. अर्ध्या इंचाचा लोखंडी पाइप, सूत गुंडाळून वर सफेद्याचा लेप लावून घट्ट आवळलेले आटे. चार पितळी व्हॉल्व्ह, कारण कुठलाही भाग बंद करून दुरुस्त करता आला पाहिजे. एक प्रेशर गेज. वर हिरवा रंग आणि पांढरे बाण. उद्या माझ्या जागी दुसरा माणूस आला तर त्याला पेट्रोल कुठून कुठे जातं ते विचारावं लागू नये.

आणि टेस्टिंग. टेस्टिंगशिवाय मी लाइन कधी चालू केली नाही. पूर्ण लाइनीत पाणी भरलं, पंपाने दाब दिला आणि चोवीस तास ठेवलं. एक थेंब नाही! मी सखूला हाताला धरून दाखवायला नेलं. तिने गेजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भात उतू जाईल म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाणी काढून पेट्रोल भरलं आणि चावी फिरवली. गाडी खोकली. परत फिरवली, परत खोकली. वळणावळणांत राहिलेलं पाणी इंजिनात जात होतं हे माझ्या लक्षात आलं, पण ते मी कोणाला सांगितलं नाही. दुपारपर्यंत खोकत खोकत ती एकदाची सुरू झाली. मी लगेच सखूला हाक मारली. बदलापूरपर्यंत एक चक्कर, मग उद्या मुरूड. ती नवीन लुगडं नेसून, लिंबू नाकाशी धरून आली. गाडीत चढली आणि पलंगावर बसली. मी समोर गावदेवीची तसबीर लावली होती. म्हटलं, आधी उदबत्ती लावू. काडेपेटी काढली.

माझ्या हातावर अशी थाप बसली की काडेपेटी उडून बेसिनमध्ये पडली.

"उतरा!" सखू ओरडली. "आधी खाली उतरा!" तिने मला मागून असं ढकललं की मी चप्पल गाडीतच सोडून अंगणात आलो. मागून ती उतरली, पदर नाकाला लावून. "माज्या उशीखाली गलतंय. आनि तिकडं शेगडीच्या मागं पन."

"काही गळत नाहीये. चोवीस तास टेस्ट केलीय मी!"

"तुमच्या टेस्टला काय नाक हाय?" एवढं बोलून ती घरात गेली आणि तिने लुगडं बदललं. पाठमोरीच म्हणाली, "द्या ती गाडी भंगारात."

मी पलंगाखाली हात घातला. पेट्रोलने आट्यांवरचा सफेदा लोण्यागत मऊ झाला होता आणि सूत ओलं होतं. मला वाईट वाटत होतं ते पाइपाचं नाही. लुगडं बदलताना सखूचा चेहरा कसा होता ते मी बघितलंच नव्हतं, आणि बघायची हिंमतही नव्हती.

भंगारात द्यायच्या आधी एक शेवटचा उपाय म्हणून मी गाडी उल्हासनगरला न्यायची ठरवली. तिथल्या कॅम्प चारच्या वस्तीत जिज्ञासा नावाच्या मुलीचं गॅरेज आहे, जुन्या गाड्यांच्या कामात तिचा हात धरणारा नाही असं ऐकलं होतं. गाडी चालू करायची नव्हती, म्हणून टाकी रिकामी करून ट्रॅक्टरला दोरखंडाने बांधली. अंबरनाथमधून जाताना तीन जणांनी ट्रॅक्टर थांबवून हळदीचा रेट विचारला. एकाने तर तारीखही सांगितली. शेवटी मी खिडकीतून ओरडलो, "बेंजो बंद पडलाय!" तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला.

जिज्ञासा असेल सव्वीस-सत्तावीसची. हातात पाना, कपाळाला ऑईल. ती गाडीत चढली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. मला वाटलं, काम बघून थक्क झाली असेल.

"काका," आतून आवाज आला, "ये प्रेशर गेज किसलिए?"

"प्रेशर बघायला."

"और ये बाण?"

"उलटं जाऊ नये म्हणून."

ती बाहेर आली, स्टुलावर बसली आणि पोट धरून हसली. समोरचा स्पेअरपार्टवाला "क्या हुआ साईं?" करत आला, तोही चढून बघून आला आणि तोही हसला. मी म्हटलं, हसून झालं असेल तर सांगा, नाहीतर मी गाडी घेऊन जातो. तेव्हा ती हसायची थांबली. तिने मला आत नेलं, शेगडीवर एक हात ठेवला आणि दुसरा माझ्या पाइपावर.

"किती अंतर आहे, काका?"

वीतभर होतं. सखूने काडेपेटी उडवल्याचंही मी तिला सांगितलं.

"पाणी गळलं तर खाली डबकं होतं, आपल्याला दिसतं. पेट्रोल गळलं की हवा होऊन फिरतं. आणि ही हवा जड असते, अशा बंद डब्यात तळाला साचून राहते. एक ठिणगी लागली की खेळ खल्लास. काकींनी काडी पेटवू दिली असती ना, तर आज तुम्ही इथे नसता. काकी पण नसत्या."

सखूची उशी जिथे ठेवली होती तिथेच मी बसलो. चौतीस वर्षांत माझ्या लाइनीमुळे कोणाचं बोटही कापलं नव्हतं. मी जिज्ञासाला म्हटलं, काढ. सगळं काढ.

पुढचे चार दिवस मी रोज जाऊन बसलो. पोरगी काम करायची आणि मी चुका काढायला टपून बसायचो, पण सापडत नव्हत्या. तिने धातूची बारीक नळी गाडीच्या खालून घेतली, सांगाड्याच्या, चासीच्या पट्टीच्या आतल्या अंगाला, म्हणजे रस्त्यावरचा दगड उडाला तरी आधी पट्टीला लागेल. सायलेन्सर उजवीकडे, म्हणून नळी डावीकडे. बॅटरीची वायर आणि नळी एकमेकींच्या जवळ येऊ दिल्या नाहीत. वीत-वीतभर अंतरावर रबर लावलेल्या क्लिपा, नळी हलायला नको आणि घासायलाही नको. पत्र्याच्या भोकातून जिथे जायचं तिथे भोकाला रबराची कडी. सांधे कमीत कमी, आणि गाडीच्या आत एकही नाही. फक्त इंजिनाजवळ वीतभर रबरी नळी, जराशी सैल.

"सैल का?" मी विचारलं. मला वाटलं, सापडली!

"इंजिन हलतं, काका. ताणून बांधली तर तुटेल." मग नळीवरची छापील अक्षरं दाखवली. "हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. साधं रबर ते खाऊन टाकतं. ही त्याच्यासाठीची आहे."

मी म्हटलं, निदान एक व्हॉल्व्ह तरी. ती नाही म्हणाली. छोटा? नाही. शोभेचा? त्यावर तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काम झालं. टाकी भरली, इंजिन चालू केलं, तिने टॉर्च मारून सांधा न् सांधा बघितला, कोरडा कागद फिरवून बघितला. सगळं कोरडं. सखूला बोलावलं. ती रेल्वेने आली, गॅरेजच्या दारात चप्पल काढली, आणि दारातच वाऱ्यावर, हातात लिंबू धरून, स्टुलावर डोळे मिटून बसली.

"येतो," सखू म्हणाली. "मागून. वरच्या अंगाला."

जिज्ञासाने परत बघितलं. काही नाही. सखूने बोट तसंच धरून ठेवलं. शेवटी पोरीने पेट्रोल भरायच्या तोंडाकडचं रबर सोडवलं, तर त्याच्या मागच्या बाजूला केसाएवढी चीर! पाठीमागून चिरलेलं, आरशाशिवाय दिसायचंही नाही. जिज्ञासा सखूच्या पाया पडली. स्पेअरपार्टवाला म्हणाला, काकी, माझ्या दुकानात बसा, पगार देतो.

दोन दिवसांनी दुसरी तपासणी. "येतो. डायवरच्या सीटखालून." तिथून निघाली माझी पिशवी. माझे चार पितळी व्हॉल्व्ह मी पेट्रोल पुसलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते. टाकवत नव्हते, काय करणार? जिज्ञासाने पिशवी माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवून हसली. मी ते चारही व्हॉल्व्ह गॅरेजच्या भंगारात टाकले.

तिसरी तपासणी. "येतो."

पण कुठून, ते तिला सांगता येईना. कधी म्हणे ओट्याखालून, कधी म्हणे दारातून. जिज्ञासा दिवसभर गाडीखाली पडून होती. तिने क्लिपा काढल्या, परत लावल्या. संध्याकाळी तिचा चेहरा एवढासा झाला. मला म्हणाली, काका, माझं काम बरोबर आहे, पण काकींचं नाक चुकत नाही, मग मी कुठे चुकले? मला पोरीची दया आली, आणि सखूचा राग. आता सुटायचं कसं यातून?

चौथ्या खेपेला जिज्ञासाने मला काही सांगितलं नाही. सखू आली, स्टुलावर बसली, डोळे मिटले. गाडीभोवती खालून ताडपत्री लावलेली होती.

"येतो," सखू म्हणाली. "पलंगाखालून. जास्त हाय आज."

जिज्ञासाने ताडपत्री वर केली. खाली काहीच नव्हतं. टाकी नव्हती, नळी नव्हती, पंप नव्हता. सगळं उतरवून कालच समोरच्या दुकानाच्या गच्चीवर ठेवलेलं होतं, आणि गाडी रात्रभर दारं उघडी टाकून वाऱ्यावर होती. त्या गाडीत केसांना लावण्याएवढंही तेल नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. "सखू! इतके दिवस या पोरीला नाचवलंस! मी जिवाचं रान केलं, रिटायर माणूस, ट्रॅक्टरला बांधून गाडी आणली, आणि तू खोटं बोलतेस?"

सखूने डोळे उघडले. मला वाटलं आता उलट बोलेल, चाळीस वर्षांची सवय. पण ती हातातल्या लिंबाकडे बघत म्हणाली, "तुमी गाडी खरंच कराल असं मना वाटलं नव्हतं."

"म्हणजे?"

"वास येत होता तवा बरं होतं. लोकांना सांगायला होतं. वास येतो म्हनून नाय गेली. आता कोनच्या तोंडानं जाऊ? तिनं दारातच इचारलं, आई मोठी का वास मोठा, तर काय सांगू तिला? आई गेली, अवं. मी पनवेलच्या स्टँडवर वकत बसलेली, आनि तिथं आई गेली." आणि ती रडायला लागली, मोठ्याने, कुठल्याही आडपडद्याशिवाय.

जिज्ञासाने कॉम्प्रेसर बंद केला आणि पाण्याची बाटली आणून ठेवली. माझा राग कुठे गेला कळलं नाही. अकरा वर्षं मी समजत होतो, वास ही अडचण आहे. फिटर माणूस मी, गळती समोर होती आणि मी भलताच पाइप बदलत बसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "मी आहे ना बरोबर."

"तुमी तर हायेतच," ती नाक पुसत म्हणाली. "तुमचा काय उपयोग?"

थोड्या वेळाने तिने जिज्ञासाला विचारलं, "पोरी, टाकी कधी बसल?"

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. पनवेल आलं तेव्हा सखू खिडकीत बसली होती. स्टँडकडे तिने मान वळवून बघितलं आणि पदराने डोळे पुसले, नाक नाही. वडखळला भजी खाल्ली. वळणं आली, घाट आला, तिला काही झालं नाही. झालं ते मला, भीतीने. मुरूड जवळ आलं तशी ती खिडकीतून उठून पलंगावर जाऊन बसली.

वेणूच्या दारात गाडी उभी केली. सखू पलंगावरून हलेना. दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून बसली, बोटं पांढरी पडलेली. मी उतरून मागचं दार उघडलं. घरातून वेणू आली. गुडघे धरलेली बाई पाच पायऱ्या धाडधाड उतरली, माझ्याकडे न बघता गाडीत चढली, आणि सखूशी एक शब्द न बोलता वास घ्यायला लागली. ओट्याजवळ घेतला. शेगडीच्या मागे घेतला. वाकून पलंगाखाली घेतला, पुढच्या सीटखाली घेतला. मी श्वास रोखून उभा. ही कुठली तपासणी आता?

"कुठंच नाय येत गं, बाय," वेणू म्हणाली.

सखूने पलंगाची कड सोडली. "तुला कसं कलतं?"

वेणू तिच्या शेजारी मटकन बसली. "मी तीनदा निघाली तुझ्याकडं. एकदा रेवदंड्याला उतरली, एकदा अलिबागच्या स्टँडवर. तिसऱ्या टायमाला वडखलला कंडक्टरनंच उतरवली, म्हनला, आजी, तुमी मराल माज्या गाडीत. मना पन होतं, बाय. पयलेपासून होतं. पन मीच तुला तसं बोललेली ना. मग कुठच्या तोंडानं सांगू?"

सखूने तिच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. मग तिला गच्च धरलं. दोघी रडत होत्या की हसत होत्या ते मला बाहेरून कळेना, आणि मीही डोळे पुसत होतो, त्यामुळे नीट दिसतही नव्हतं.

बऱ्याच वेळाने वेणूने गाडीतूनच घराकडे हाक दिली, "माजी पिशवी काडा गं! मी बायकडं चालली जांबुलला."

मी म्हटलं, अहो, आत्ताच आलोय, पाच तास गाडी चालवून, घोटभर चहा तरी.

"नंतर," दोघी एकदम म्हणाल्या. सखू उठली आणि तिने वेणूला खिडकीजवळची जागा दिली.